दुरून उघडलेली खिडकी

औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपती संभाजीनगर, येथील क्रांती चौकास निवांत जागा असें कोणी म्हणणार नाहीं. जालना रोडवरून वाहणारा वाहनांचा लोंढा, डोक्यावरून गेलेला उड्डाणपूल, सन २०२२ मध्यें उंच चौथऱ्यावर नव्यानें बसविलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, आणि या साऱ्यांभोंवतीं दिवसाचे बहुतेक प्रहर चाललेला हॉर्नचा गजर, असा हा चौक. त्याच्या अंगास असलेल्या एका घराच्या माडीवर गेल्या पावसाळ्यांत आमच्या भाचीनें आम्हांस एक गोष्ट दाखविली आणि तिनें आमचे पुढले कित्येक दिवस खाल्ले.

भाची पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी. तिच्या मेजावरचा लॅपटॉप जुना, आणि नवा होता तेव्हांही बेताच्याच किंमतीचा. त्याच्या पडद्यावरील एका काळ्या चौकटींत तिनें एक ओळ लिहिली, परवलीचा शब्द दिला, आणखी एक शब्द लिहिला. आणि दोन-तीन क्षणांत शेजारीं दुसरी एक खिडकी उघडली. तींत आकाशाच्या एका लहानशा तुकड्याचें चित्र होतें; रेडिओ लहरींनीं काढलेलें, करड्या ठिपक्यांचें. ती माऊसनें तें ओढूं लागली, मोठें करूं लागली, मधल्या एका डागाभोंवतीं रेघ काढून त्याची तेजस्विता मोजूं लागली. आम्हीं विचारलें, “एवढ्याशा यंत्रांत एवढा मोठा प्रोग्राम मावतो तरी कसा?”

“मावत नाहींच, मामा,” ती म्हणाली. “तो इथं नाहींच आहे. तो पुण्याला चालला आहे. इथं नुसती खिडकी आहे.”

हें “नुसती खिडकी” प्रकरण आम्हांस वाटलें त्याहून जुनें आणि गुंतागुंतीचें निघालें. यंत्र एका गांवीं, माणूस दुसऱ्या गांवीं. यंत्र काय करीत आहे तें माणसाच्या डोळ्यांपुढें दिसावें, माणसाच्या बोटांची प्रत्येक हालचाल यंत्रापर्यंत पोंचावी, आणि मधल्या वाटेवर कोणी कान देऊन बसला तरी त्याच्या हातीं अर्थ लागेल असें कांहीं पडूं नये: या तीन गोष्टी एकत्र साधण्यास बरींच वर्षें लागलीं. पहिल्या दोन अमेरिकेंतील एका विद्यापीठांत सन १९८४ च्या सुमारास साधल्या, तिसरी सन १९९५ मध्यें फिनलंडांत. त्यांचा वृत्तान्त येथें द्यावयाचा आहे.

दुरून काम चालविण्यांत अडचण कोठें असते हें पाहण्यास या चौकाबाहेर जावयास नको. इ. स. १८५७ च्या जून महिन्यांत येथील छावणींत हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळांत उठाव झाला. पुण्याहून निघालेली जनरल वुडबर्न याची फौज तो मोडण्यासाठीं औरंगाबादेस येऊन थडकली. दफेदार मीर फिदा अली यास फांशीं दिलें; इतर कांहींस गोळ्या घातल्या, कांहींस तोफेच्या तोंडीं दिलें. काळा चबुतरा आणि क्रांती चौक हीं नांवें त्याच स्मृतीशीं जोडलेलीं आहेत. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट यापुढची. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यास ही फौज तांतडीनें महूकडे जावयास हवी होती. वुडबर्न मात्र औरंगाबादेसच चौकशा आणि शिक्षा करीत बसला. एल्फिन्स्टन निघण्याविषयीं आग्रह करी, वुडबर्न राहण्याचीं कारणें कळवी. गव्हर्नरापाशीं हुकूम होता, पण औरंगाबादेंत काय चाललें आहे तें त्यास दिसत नव्हतें. सेनापतीस जें दिसत होतें, तें शब्दांत घालून पाठविलें तरी मुंबईस पटत नव्हतें. अखेर प्रकृतीच्या कारणानें वुडबर्न बाजूस झाला, फौज ब्रिगेडियर स्टुअर्टच्या हातीं आली, आणि जुलैंत ती उत्तरेकडे हलली. शब्द जातो, दृश्य येत नाहीं; दुरून चालविलेल्या साऱ्या कामांचें दुखणें हेंच.

संगणकाचेंही पहिलीं कित्येक वर्षें असेंच होतें. अमेरिकेंतील अर्पानेट हें संगणकांचें जाळें सन १९६९ मध्यें सुरू झालें, आणि त्यावरील अगदीं आरंभीच्या उपयोगांपैकीं एक म्हणजे दूरच्या यंत्रावर प्रवेश करून तें चालविणें. पण हें चालविणें निव्वळ अक्षरांचें होतें. येथून एक ओळ लिहावी, तिकडून एक ओळ यावी. यासाठीं जो प्रोग्राम माणसाची ओळ वाचून यंत्राकडून काम करवून घेतो त्यास ‘शेल’ म्हणूं लागले. शेल म्हणजे कवच, यंत्राच्या गाभ्याभोंवतींचें. दुसऱ्या बाजूस, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेंत सन १९७३ मध्यें आल्टो नांवाचें यंत्र तयार झालें. त्याच्या पडद्यावर चित्रें होतीं, माऊस होता, आणि लवकरच खिडक्याही आल्या. पण तीं चित्रें त्या यंत्राचीं आणि त्याच यंत्रापुढें बसलेल्या माणसाचीं. म्हणजे एकीकडे दुरून चालणारें पण आंधळें यंत्र, दुसरीकडे डोळस पण जागेस खिळलेलें.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेनें सन १९८३ मध्यें डिजिटल इक्विपमेंट व आयबीएम या दोन कंपन्यांच्या साहाय्यानें ‘प्रोजेक्ट अथेना’ नांवाचा उपक्रम हातीं घेतला. विद्यार्थ्यानें संस्थेच्या आवारांत कोणत्याही यंत्रापुढें बसावें आणि त्यास आपलें काम जसेंच्या तसें समोर मिळावें, हा हेतु. अडचण अशी कीं, दोन कंपन्यांचीं यंत्रें एकमेकांशीं मुळींच जुळत नव्हतीं. एकाच्या पडद्यासाठीं लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या पडद्यावर निरुपयोगी. तेव्हां प्रोग्राम आणि पडदा यांची फारकत करणें भाग होतें. त्याच सुमारास एमआयटीमधील बॉब शाइफलर यास स्वतःच्या संशोधनासाठीं खिडक्यांची व्यवस्था हवी होती, आणि डिजिटल कंपनीचा जिम गेटिस अथेनावर काम करीत होता. स्टॅनफर्ड विद्यापीठांत ‘व्ही’ नांवाच्या प्रणालीसाठीं पॉल असेंट व ब्रायन रीड यांनीं ‘डब्ल्यू’ नांवाची खिडकी-व्यवस्था लिहिली होती. शाइफलरनें तिचा बराच भाग उचलला, तिच्यांत एक मूलभूत फेरफार केला, आणि सन १९८४ च्या जूनमध्यें ती सहकाऱ्यांस कळविली. ‘व्ही’नंतर ‘डब्ल्यू’, त्यानंतर अर्थातच ‘एक्स’. नांव ठेवण्यांत यापेक्षां अधिक विचार झालेला दिसत नाहीं.

हा फेरफार काय होता तें समजून घेतलें पाहिजे, कारण दुरून चित्र पाहणें त्यामुळेंच शक्य झालें. ‘डब्ल्यू’मध्यें प्रोग्रामनें पडद्यास एक आज्ञा द्यावी, उत्तराची वाट पाहावी, मग दुसरी द्यावी. समजा, आपण मुंबईच्या अडत्यास पत्रानें माल मागवितों आहों. एक पत्र, ‘दहा पोतीं गहूं पाठवा’. पोंच येईपर्यंत स्वस्थ बसावें. मग दुसरें पत्र, ‘पांच पोतीं तूर’. अशानें दुकान बसेल. शाइफलरनें उत्तराची वाट पाहणें काढून टाकलें. जेथें उत्तर खरोखरच हवें तेथेंच थांबावें, एरव्हीं आज्ञांमागून आज्ञा धाडीत जावें. पलीकडचा पडदा त्या क्रमानें पार पाडील. एका यंत्राच्या पोटांत याचा लाभ थोडा. दोन यंत्रांमध्यें अंतर पडलें कीं हाच लाभ कित्येक पटींनीं वाढतो.

‘एक्स’ची दुसरी एक गोष्ट नवख्यास हमखास गोंधळांत टाकते, आम्हांसही तिनें टाकलें. संगणकाच्या भाषेंत सेवा देणाऱ्यास सर्व्हर म्हणतात आणि सेवा मागणाऱ्यास क्लायंट. आपली समजूत अशी कीं, दूरचें थोर यंत्र तें सर्व्हर, आणि आपल्या मेजावरचें गरीब यंत्र तें क्लायंट. ‘एक्स’मध्यें हें उलट आहे. पडदा, कीबोर्ड आणि माऊस हे ज्याच्या ताब्यांत, तो सर्व्हर. म्हणजे क्रांती चौकांतील माडीवरचा तो जुना लॅपटॉप. पुण्यांतील भलेंमोठें यंत्र येथें याचक होऊन येतें: ‘मला तुमच्या पडद्यावर एवढी जागा द्या, तेथें ही रेघ काढा, आणि कोणी कळ दाबली तर कळवा.’ विचार केला म्हणजे हेंच योग्य वाटतें, कारण दुर्मिळ वस्तु माणसाचे डोळे आणि हात हीच आहे. पण कित्येक अभ्यासू माणसांनीं या उलट्या नांवांवरून आयुष्यभर तक्रार केली आहे.

या व्यवस्थेची अकरावी आवृत्ति सन १९८७ च्या सप्टेंबरांत बाहेर पडली, आणि तेव्हांपासून आजवर तीच आहे. बारावी निघालीच नाहीं. एमआयटीनें ती कोणासही, कसल्याही मोबदल्यावांचून, वापरण्यास मोकळी ठेवली. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कंपन्यांनीं तीच उचलली. चाळीस वर्षांच्या आसपास एकच करार टिकावा ही गोष्ट या क्षेत्रांत विरळाच.

पण या इमारतीस दार होतें, कडी नव्हती. ‘एक्स’ रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें विद्यापीठाचें आवार होतें, बाजार नव्हे. जाळ्यावरून जाणारें सारें उघड्या पत्रासारखें जाई. आपल्या पडद्यावर कोणत्या यंत्रांस येऊं द्यावयाचें याची एक यादी असे, आणि त्या यादीची कटकट नको म्हणून एकाच आज्ञेनें ती कायमची बंद करण्याचीही सोय होती. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका शिक्षणसंस्थेच्या संगणककक्षांत प्रस्तुत लेखक कांहीं दिवस जात असे. तेथें प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशीं तीच सरसकट परवानगीची आज्ञा पाठ करावयास सांगत, ‘नाहींतर खिडकी उघडत नाहीं’ एवढ्याच कारणावरून. आठवड्याभरांत कोणा खोडकर पोरानें शेजाऱ्याच्या पडद्यावर माऊसकडे टकमक पाहणारे दोन डोळे उघडले आणि सारा कक्ष हंसला. त्यापुढच्या आठवड्यांत दुसऱ्या कोणी शेजाऱ्याच्या कीबोर्डावर पडणारी प्रत्येक कळ आपल्या यंत्रावर उतरवून घेतली, आणि त्याचा परवलीचा शब्द फळ्यावर लिहून ठेवला. तेव्हां कोणी हंसलें नाहीं. ‘एक्स’च्या पडद्यावर ज्यास प्रवेश मिळाला त्यास सारा पडदा आणि सारा कीबोर्ड मोकळा, ही त्यांतली खरी गोम; तिच्याकडे पुढें पुन्हा यावें लागेल.

सन १९९५ च्या आरंभीं फिनलंडांतील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी तरी एक चोरटा प्रोग्राम बसवून ठेवल्याचें आढळलें. जाळ्यावरून उघड्यानें जाणारे हजारों परवलीचे शब्द त्यानें टिपून घेतले होते. तेथील एक तरुण संशोधक टाटू उलोनेन यानें त्यावर उपाय म्हणून कांहीं महिन्यांत एक प्रोग्राम लिहिला आणि जुलै १९९५ मध्यें तो फुकट वांटला. नांव सुरक्षित शेल, संक्षेपानें एसएसएच. जाळ्यावरील प्रत्येक सेवेस एक क्रमांक लागतो. दूरच्या यंत्रावर प्रवेश करण्याच्या जुन्या पद्धतीचा क्रमांक २३ आणि फायली आणण्याच्या पद्धतीचा २१. मधला २२ रिकामा होता. उलोनेननें तो मागितला, आणि क्रमांक देणाऱ्या कचेरीनें तो एका दिवसांत दिला. त्या काळच्या जाळ्याचा लहानपणा यावरून ध्यानीं यावा. वर्षाअखेर पन्नास देशांत सुमारें वीस हजार लोक हा प्रोग्राम वापरूं लागले होते.

एसएसएच दोन टोंकांमध्यें एक गूढलिपींतील वाट तयार करतें. दूरच्या यंत्राची ओळख प्रथम पटवून घ्यावयाची, मग दोघांनींच एक गुप्त किल्ली ठरवावयाची, आणि त्यापुढें जें जाईल तें तिच्या आंत बंद होऊन जावयाचें. या वाटेनें केवळ अक्षरेंच नेलीं पाहिजेत असें नाहीं हें उलोनेनच्या लगेच ध्यानांत आलें. त्यानें ‘एक्स’चीही आज्ञापत्रें त्याच वाटेनें नेण्याची सोय केली.

या युक्तीचें स्वरूप औरंगाबादकरास पाणचक्कीवरून चटकन समजावें. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतल्या झऱ्याचें पाणी जमिनीखालून खापराच्या नळांतून आणून, चुनेगच्ची भिंतींतून उंच चढवून, खालीं चक्कीच्या पात्यांवर सोडलें आहे. अठराव्या शतकांत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांतील लोकांसाठीं तेथें दळण दळलें जाई. दळणारास झरा दिसत नाहीं. वाटेनें जाणारास पाणी दिसत नाहीं. पण मैलोगणती दूरचें बळ चक्कीशीं येऊन काम करतें. मलिक अंबरच्या नहरींचें तत्त्वही तेंच. सतराव्या शतकाच्या आरंभीं त्यानें खडकी गांवीं नवें शहर वसविलें तेव्हां पाणी उघड्या पाटानें आणतां आलें असतें. पण उघडें पाणी वाटेंत कोणीही उपसतो, कोणीही नासवितो.

उलोनेनच्या बंद नळांत मात्र पाणी दोन्ही दिशांनीं वाहतें, आणि त्यांत आणखी एक खुबी आहे. प्रत्येक ‘एक्स’ पडद्यास स्वतःची एक गुप्त खूण असते, १२८ अंशांची. ती जो सांगेल त्यासच प्रवेश. आतां पुण्यांतील प्रोग्रामास खिडकी उघडावयाची तर ती खूण पुण्यास धाडली पाहिजे, आणि धाडली तर ती तेथें कोणाच्या हातीं पडेल याचा नेम नाहीं. एसएसएच काय करतें? एक खोटी खूण तयार करून ती पुण्यास देतें, आणि तेथें एक खोटा पडदाही मांडतें, बहुधा दहाव्या क्रमांकाचा. पुण्यांतील प्रोग्राम भाबडेपणानें समजतो कीं पडदा येथेंच आहे. तो खोटी खूण सांगतो. ती नळांतून इकडे येते. इकडचें टोंक ती पारखून घेतें आणि तिच्या जागीं खरी खूण ठेवून खऱ्या पडद्यापुढें करतें. खरी खूण घराचा उंबरठा ओलांडीतच नाहीं.

योगायोग असा कीं, एसएसएच प्रसिद्ध झालें त्याच्या पुढल्याच महिन्यांत, १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमनें हिंदुस्थानांत सामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. विद्यापीठीय मंडळींस तें आधींपासून माहीत होतें. एर्नेट हें शैक्षणिक जाळें सन १९८६ मध्यें सुरू झालें होतें आणि त्याचा एक प्रमुख आधारस्तंभ जुहूची एनसीएसटी ही संस्था होती. मुंबईहून अमेरिकेशीं जोड सन १९८९ मध्यें झाली, सेकंदास ९,६०० अंश एवढ्या वेगाची. निगमच्या खात्यांत मात्र एक मजेशीर वर्णव्यवस्था होती. विद्यार्थ्यास परवडेल असें खातें म्हणजे ‘शेल अकाउंट’: काळा पडदा आणि अक्षरें. ज्यावर चित्रें दिसत तें खातें कितीतरी महाग, कंपन्यांच्या व श्रीमंतांच्या कामाचें. एकाच तारेवरून, एकाच टेलिफोनवरून, एकास दृश्य आणि दुसऱ्यास नुसते शब्द. हुशार पोरांनीं स्वस्त खात्यांतून चित्रें ओढून आणण्याचे प्रोग्राम शोधून काढले, हें सांगावयास नकोच.

या हकीकतीस राज्यकारणाचीही एक बाजू आहे. त्या काळीं अमेरिकेचे कायदे प्रबळ गूढलिपीस शस्त्रास्त्रांत गणीत. ती देशाबाहेर पाठविणें म्हणजे तोफा पाठविण्यासारखें. फिल झिमरमन नांवाच्या गृहस्थाची पत्रें गुप्त ठेवण्याच्या प्रोग्रामाबद्दल सन १९९३ पासून १९९६ पर्यंत चौकशी चालली होती. हीं बंधनें सन २००० मध्यें पुष्कळशीं सैल झालीं. एसएसएच फिनलंडांत जन्मलें म्हणून या कचाट्यांत सांपडलें नाहीं. पुढें उलोनेननें कंपनी काढली आणि नव्या आवृत्त्यांवर अटी आल्या, तेव्हां ओपनबीएसडीच्या मंडळींनीं सन १९९९ मध्यें जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून ओपनएसएसएच तयार केलें. त्यांचा उपक्रम कॅनडांतून चालला होता, तोही याच कारणास्तव सोयीचा ठरला. आज जगांत बहुतेक ठिकाणीं वापरांत आहे तें हेंच.

आपणांस या जातीच्या नकाराचा अनुभव त्याआधींच आला होता. ऐंशीच्या दशकांत हिंदुस्थानास क्रे कंपनीचे महासंगणक हवे होते. हवामानाच्या कामासाठीं एक, अटी घालून, दिल्लीस मिळाला; बंगळूरच्या विज्ञानसंस्थेसाठीं मागितला तो मिळाला नाहीं. त्यावर सन १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यांतील विजय भटकर तिचे प्रमुख. मुदत तीन वर्षें, पैसा तीस कोटी. सन १९९१ मध्यें ‘परम ८०००’ तयार झाला. एका भव्य यंत्राऐवजीं अनेक लहान यंत्रें एकत्र जुंपण्याची त्यांतील युक्ति पुढें जगांत सर्वत्र रूढ झाली. पण महासंगणक बांधला म्हणजे तो सर्वांचा झाला असें होत नाहीं. तो एका गांवीं, एका इमारतींत, थंड केलेल्या खोलींत असतो. मराठवाड्यासारख्या प्रांतांतील विद्यार्थ्याच्या तो कामास यावयाचा तर एकतर विद्यार्थ्यानें गांव सोडावें, नाहींतर यंत्राची खिडकी गांवापर्यंत यावी. औरंगाबादेस विद्यापीठ झालें तेंच सन १९५८ मध्यें. त्याआधीं येथल्या मुलास परीक्षेसाठीं उस्मानिया विद्यापीठाकडे, हैदराबादेकडे पाहावें लागे. गांव न सोडतां शिकतां येणें या गोष्टीची किंमत पुण्या-मुंबईच्या माणसास सहसा कळत नाहीं.

भाचीच्या खिडकींतलें आकाश जुन्नर तालुक्यांतून आलेलें होतें. नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकीं चौदा मध्यभागीं एकवटलेल्या आणि बाकीच्या तीन बाहूंवर पसरलेल्या; कमाल अंतर सुमारें २५ किलोमीटर. प्रत्येक तबकडीस आलेला संकेत कांचतंतूंनीं मध्यवर्ती इमारतींत येतो, तेथें तो इतरांशीं ताडून पाहतात, आणि मग त्या आंकड्यांच्या ढिगांतून चित्र घडवावें लागतें. हें घडविणें फार मोठें काम आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें ‘परम रुद्र’ नांवाचे तीन महासंगणक राष्ट्रास अर्पण झाले, त्यांपैकीं एक या दुर्बिणीसाठीं आहे. आकाशाचे आंकडे एवढे अवाढव्य कीं ते घरीं आणणें व्यर्थ. आपणच त्यांच्याकडे गेलें पाहिजे. ज्योतिर्विदांनीं हें लवकर ओळखलें. त्यांच्या एआयपीएस या जुन्या प्रोग्रामसंचांत चित्र दाखविणारा भाग मूळ गणितापासून निराळा ठेवला आहे, म्हणजे आंकडे एका यंत्रावर व चित्र दुसऱ्यावर राहूं शकतें.

आतां अंतराविषयीं. शाइफलरनें उत्तराची वाट पाहणें काढून टाकलें असें वर म्हटलें. पण सर्वस्वीं तें निघत नाहीं. खिडकी उघडतांना प्रोग्राम पडद्यास शेंकडों प्रश्न विचारतो: रंग किती, अक्षरवळण कोणतें, हें नांव ठाऊक आहे काय. समजा असे दोनशें प्रश्न, प्रत्येकास थांबणें आवश्यक. एर्नेटच्या जाळ्यांत पुढें उपग्रहाचे दुवेही होते. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद. दोनशें प्रश्नांस शंभर सेकंद. एक खिडकी उघडेपर्यंत चहा निवून जावा. आज पुण्यापर्यंत कांचतंतु आहे. त्यांत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. अडीचशें किलोमीटरचें जाणें-येणें म्हणजे सेकंदाचा चारशेंवा भाग, आणि दोनशें प्रश्नांस अर्धा सेकंद. प्रत्यक्षांत वळणें व अडथळे धरून याच्या कांहीं पट लागतो. म्हणून भाचीची खिडकी दोन-तीन क्षणांत उघडली. हाच प्रोग्राम अमेरिकेंतील यंत्रावर असता तर ती खचित वैतागली असती. त्यांतून नवे प्रोग्राम ‘येथून तेथें रेघ काढा’ अशी आज्ञा पाठविण्याऐवजीं आपल्या घरीं सारें चित्र रंगवून तेंच गाठोडें पाठवितात. शाइफलरची काटकसर त्यांनीं वायां घालविली आहे.

आतां त्या गोमेकडे. एसएसएचनें वाट बंदिस्त केली. वाटेच्या पलीकडच्या टोंकाचें काय? पुण्यांतील यंत्राचा अधिकारी दुष्ट निघाला, किंवा तें यंत्र चोरांच्या हातीं गेलें, तर त्याच नळांतून तो आपल्या पडद्यावर येऊन आपण दुसऱ्या खिडकींत काय लिहितों तें वाचूं शकतो. नळ सुरक्षित असला म्हणून झऱ्यांत कोणी विष घालणार नाहीं असें नव्हे. यावर ‘एक्स’मध्यें परक्या प्रोग्रामांस हातभर दूर ठेवणारी एक तरतूद सन १९९६ च्या सुमारास झाली, आणि ओपनएसएसएचनें सन २००४ मध्यें तिचा अंगीकार करून दोन वाटा ठेवल्या: एक संशयाची, जी वीस मिनिटांनंतर नव्या खिडक्यांस दार लावते, दुसरी पूर्ण विश्वासाची. पण संशयाच्या वाटेवर निम्मे प्रोग्राम अडखळून पडतात. परिणामीं लोक डोळे मिटून विश्वासाची वाट धरतात. डेबियनसारख्या प्रसिद्ध वितरणानें तर दोन्ही वाटा मुळांतच एक करून टाकल्या. आम्हीं भाचीस विचारलें, तूं कोणती वापरतेस? तिनें जें अक्षर दाखविलें तें विश्वासाचें होतें. “दुसऱ्यानं चित्र उघडत नाहीं,” ती म्हणाली. पंचवीस वर्षांपूर्वीं त्या कक्षांत ऐकलेलें वाक्य याहून फारसें निराळें नव्हतें.

दरम्यान ‘एक्स’चाच अस्तकाल आला आहे. सन २००८ मध्यें क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यानें वेलँड या नव्या व्यवस्थेस आरंभ केला. तींत एका प्रोग्रामास दुसऱ्याच्या खिडकींत डोकावतां येत नाहीं. ती गोम गेली. पण प्रोग्राम आणि पडदा निरनिराळ्या गांवीं असावे ही कल्पनाही तिच्या मूळ रचनेंतून गेली. ती परत आणण्यासाठीं बाहेरून जोड द्यावा लागतो. रेड हॅटच्या सन २०२५ मधील मुख्य आवृत्तींतून ‘एक्स’चा स्वतंत्र सर्व्हर काढून टाकला गेला; जुन्या प्रोग्रामांसाठीं त्याचा एक अवशेष वेलँडच्या पोटांत ठेवला आहे. हा बदल योग्य आहे असें जाणते म्हणतात, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनें तें खरें असावें. तरी सामान्य माणसाच्या मेजास सर्व्हर मानणारी ती उलटी रचना जावी याची आम्हांस थोडी हळहळ वाटते.

त्या संध्याकाळीं पाऊस वाढला, आणि आठाच्या सुमारास चौकाच्या आमच्या बाजूची वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर जिवंत राहिला; भिंतीवरचा राऊटर मात्र निमाला. खिडकींतलें आकाश तसेंच गोठून राहिलें. माऊस फिरे, रेघ उमटेना. पाऊण तासानें वीज आली तेव्हां खिडकी नाहींशी झाली, आणि भाचीनें पुन्हा प्रवेश करून पाहिलें तों पुण्यांतला प्रोग्रामही मेलेला. पुण्यांत वीज होती, यंत्र धडधाकट होतें. पण ज्या पडद्याचा तो आश्रित, तो पडदाच तुटला म्हटल्यावर त्यास जगण्याचें कारण उरलें नाहीं. दुपारपासून मोजलेल्या दीडशें डागांपैकीं शेवटले चाळीस लिहून ठेवावयाचे राहिले होते.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग काळ्या चौकटींत तिनें एक लांबलचक ओळ लिहिली. “आतां मोजायचं काम खिडकीशिवाय लावलं आहे, मामा,” ती म्हणाली. “तें रात्रभर तिकडे आपलं आपण चालेल. खिडकी सकाळीं उघडूं, नुसती बघायला.” आणि लॅपटॉप मिटून ती जेवावयास खालीं गेली.